एकीने वेचायचे, एकीने बोलायचे

२८ मार्च २०२४, पहाटे पाच वाजून दहा मिनिटे. मी तलावाच्या पाळीवर उभी होते. खालून जंगलाकडे जाणारी पाऊलवाट अंधारात जेमतेम ओळखू येत होती. मोहफुले वेचायला जाणाऱ्या बायका या वाटेने कोणत्या वेळी आणि कितीजणींच्या गटाने जातात, याची नोंद मला पूर्ण मोसमभर करायची होती. प्राणिशास्त्राची पदव्युत्तर पदवी हाती होती, पीएच.डी.चा अर्ज तयार होत होता आणि त्या अर्जाला कणा द्यायला मला स्वतः गोळा केलेले आकडे हवे होते. नागपूरच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी गटाची व्याख्या काटेकोर ठरवून दिली होती: हाकेच्या अंतरात असलेल्या आणि परस्परांशी बोलणाऱ्या व्यक्ती म्हणजे एक गट.

पहिली आली ती माझी आई. डोक्यावर रिकामी टोपली, एका हातात खराटा, दुसऱ्या हातात विजेरी. तिने मला पाहिले, पण ती थांबली नाही. मी लिहिले: गटसंख्या एक.

थोडे फटफटल्यावर दुसरी आली. उजवा खांदा किंचित खाली टाकून चालण्याच्या तिच्या ढबीवरून मी तिला लांबूनच ओळखले. ही वरच्या मोहल्ल्यातली मावशी. आदल्या नोव्हेंबरात, धान कापणीच्या दिवसांत, वाघाने तिच्या नवऱ्याला मारले होते. तीही एकटीच होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. गटसंख्या एक.

दोघी एकाच जागी चालल्या होत्या, हे मला माहीत होते. मला आठवते तेव्हापासून त्या तिथे जोडीनेच जात आल्या होत्या.

जंगलातल्या मोहाच्या झाडांवर कुणाचे नाव लिहिलेले नसते. तरी कोणते झाड कोणत्या घराचे, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक असते. आमची तीन झाडे आणि मावशीची दोन झाडे शेजारी शेजारी होती, आणि बाकी सगळ्यांच्या झाडांपासून दूर, नाल्याच्या पलीकडे, बांबूला लागून. झाडांच्या या शेजारामुळे त्या दोघींची जोडी जमली. गावात त्यांच्या घरांमध्ये एक गल्ली आड येत होती. गल्लीच्या खालच्या अंगाला आमचा बौद्ध मोहल्ला, वरच्या अंगाला त्यांचा.

मोह वेचणे हे कमरेतून वाकून करायचे काम आहे. आदल्या दिवशी झाडाखालचा पालापाचोळा झाडून ठेवायचा, पहाटे टपटप पडलेली फुले ऊन चढण्याआधी उचलायची. नजर जमिनीवर, पाठ आडवी, हात सतत हलता. आडोशातून पाहणाऱ्या वाघाला अशी आकृती माणसाची वाटत नाही, असे गावात म्हणतात. माझ्या विषयातही साधारण हेच म्हणतात, फक्त जास्त शब्द लागतात. म्हणून आमच्याकडे एक पद्धत आहे. एकीने वेचायचे, एकीने ताठ उभे राहून बोलायचे. मोठ्याने, न थांबता. पहिलीची टोपली अर्धी झाली की दुसरीने वाकायचे आणि पहिलीने बोलायला लागायचे. बोलण्याचा विषय कोणताही चालतो. खंड पडलेला चालत नाही.

शाळेला सुट्टी असली की मी आईबरोबर जाई. विहिणींची भांडणे, न आलेली एसटी, रेशनच्या तांदळातले खडे, सिंदेवाहीच्या बाजारातून आणलेल्या बांगड्यांची फुटकी नक्षी, हे सगळे मी त्या झाडांखाली ऐकले आहे. एकदा मावशीने टोपली भरेपर्यंत फक्त नवऱ्याच्या घोरण्यावर भाषण केले होते. घोरणे चढते कसे, मध्येच अडते कसे, आणि ते अडले की आपलाच श्वास कसा अडकतो. आई वेचता वेचता हसून खाली बसली होती. "पुरे कर वं बाई," ती म्हणाली होती, "वाघ पळाला, मानसं बी पळतीन आता."

ऊन चढले की दोघी एका फडक्यावर भाकरी सोडत. मावशीची चटणी आई खाई, आईची सुकट मावशी खाई. गावात मात्र मावशी आमच्या अंगणाच्या आत आलेली मला आठवत नाही. आईनेही तिला कधी बोलावले नाही. नाल्यापलीकडे चालणारी गोष्ट गल्लीपलीकडे चालत नाही, हे दोघींनी न बोलता मान्य केलेले होते. कॉलेजात असताना मी यावर आईशी वाद घातला होता. "तुले पुस्तकात दिसते थे बरोबर हाये," आई म्हणाली होती, "पन मले रोज तिच्यासंगं जा लागते."

माझा दादा व्याघ्र प्रकल्पाच्या आमच्या गावाजवळच्या प्रवेशदारावर गाईड होता. खालच्या मोहल्ल्यातली बरीच पोरे त्या कामात आहेत, कुणी गाईड, कुणी जिप्सीवर चालक. वरच्या मोहल्ल्याकडे शेती अधिक, म्हणून तिकडची फार थोडी पोरे या कामात आली. मावशीचा नवरा त्याच्या स्वतःच्या बांधावर मारला गेला. शरीर तपासणीसाठी नेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आणले. वरच्या मोहल्ल्याने ठरवले की वाघाचा बंदोबस्त होईपर्यंत एकही पर्यटक आत जाऊ द्यायचा नाही. खालच्या मोहल्ल्याला कुणी विचारले नाही. विचारले असते तर काय झाले असते, हे मी सांगू शकत नाही. त्या दिवशी दादाची पाळी होती. पाळी चुकवली की नंबर शेवटी जातो आणि पुन्हा येईपर्यंत बराच काळ जातो. जंगलालगतचा मागचा रस्ता वनखात्याने वाघामुळे बंद केलेला होता. म्हणून जिप्सी गावातून, मयताच्या दारावरून गेली.

मी तिथेच होते, बायकांच्या घोळक्याच्या कडेला. दादा चालकाच्या शेजारी मान खाली घालून बसला होता. मागच्या बाकांवरच्या पाहुण्यांना काही कल्पना नव्हती. त्यांच्यातल्या एका हॅटवाल्या बाईने दारात जमलेल्या पोरांना पाहून हात हलवला. दोन-तीन पोरांनीही हात हलवला. मावशी नवऱ्याच्या उशाशी बसली होती. तिने मान वर करून जिप्सीकडे पाहिले आणि पुन्हा खाली घातली.

मयताच्या घरी चूल पेटत नाही. जेवण शेजारपाजारच्यांनी आणायचे असते. संध्याकाळी आईने मोठा गंज भरून वरण-भात केला आणि मला म्हणाली, "चाल, नेऊन दे." यापूर्वी कधी आमच्या चुलीवरचे अन्न त्या घरात गेलेले नव्हते. हे आईला माहीत होते आणि मलाही. मी गंज घेऊन गल्ली ओलांडली. दारात मावशीचा दीर उभा होता. त्याने झाकणही उघडले नाही. "राहू द्या," एवढेच तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो थकलेला होता. आत मावशी दिसत होती. तिने ऐकले असावे.

गंज घेऊन मी परत आले. आईने तो चुलीजवळ ठेवला आणि रात्री आम्ही तेच जेवलो. ते अन्न जिप्सीमुळे परत आले की त्याहून जुन्या कारणामुळे, हा प्रश्न मी नंतर स्वतःला अनेकदा विचारला. दोन कारणे एकमेकांत अशी मिसळलेली होती की ती वेगळी करायला माझ्याजवळ कोणतीही पद्धत नव्हती.

त्यानंतर गावाचे दोन भाग झाले, म्हणजे आधीपासून होते ते उघडे पडले. पिठाच्या गिरणीत बायका वेगवेगळ्या वेळी जाऊ लागल्या. तलावाच्या घाटावर धुण्याचे दगड वाटले गेले. मोहाचा मोसम आला तेव्हा खरा फरक दिसला. पूर्वी पहाटे पहिल्या घरातून हाक उठे, दुसरे घर ती पुढे देई आणि अशी ती दोन्ही मोहल्ल्यांतून फिरून येई. मग सगळ्या मिळून पाळीपर्यंत चालत आणि तिथून आपापल्या झाडांकडे फुटत. यंदा हाक गल्लीपाशी थांबली. पलीकडे त्यांची वेगळी हाक सुरू झाली. पाळीवर मला लहान लहान तुकड्या दिसत होत्या, दोघी-तिघींच्या, आणि काही एकट्या. वाघ अजून मोकळा होता.

मी आधी माझ्या पद्धतीचा उपाय करून पाहिला. शाळेच्या ओसरीवर बैठक बोलावली, वनरक्षकालाही बोलावले. सतरंजी एकच होती, पण मधोमध कुणी बसले नाही. मोठ्या गटाने जाण्याचे फायदे मी सांगितले, पाळीपासून एकत्र निघण्याची वेळ सुचवली. वरच्या मोहल्ल्यातले एक म्हातारे भाऊ शांतपणे ऐकत होते.

"पोरी, वाघ मानसं मोजते का?" त्यांनी विचारले.

"मोजत नाही, भाऊ. पण माणसे जास्त असली, आवाज जास्त असला की लांब राहतो."

"मंग तुह्या भावाची जिप्सी बरी. सात-आठ जन बसते. तिच्यातच जाऊ मोह वेचाले."

सतरंजीची एक बाजू हसली. आमच्या बाजूच्या एका काकूने लगेच उत्तर दिले, "या न भाऊ. तिकीट काढा लागते फक्त. अन् टोपी घाला लागते, बगळ्यावानी."

मग दुसरी बाजू हसली. गावात बऱ्याच दिवसांनी दोन्हीकडे हसू आले होते, आणि तेही वेगवेगळे. वनरक्षकाने सूचना वाचून दाखवल्या: एकटे जाऊ नये, पहाटे जाऊ नये, पालापाचोळा जाळू नये. लोक उठले. मी सुचवलेल्या वेळी दुसऱ्या दिवशी पाळीवर कुणीही आले नाही.

दादा मावशीकडे जायला तयार झाला तो त्यानंतर. मीच त्याच्या मागे लागले होते. "जाऊन म्हनू काय?" असे तो आठवडाभर विचारत राहिला. शेवटी आम्ही दोघे गेलो. मावशी ओसरीवर सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. तिने बसा म्हटले नाही, जा म्हटले नाही. आम्ही अंगणात उभे राहिलो.

"मावशी," दादा म्हणाला, "त्या दिवशी मी जायले नोको होतं."

"कोन्या दिवशी?"

"त्या दिवशी."

"तू त रोजच जाते." ती खडा वेचून बाहेर टाकत होती.

"माफी मांगाले आलो."

"मांग मंग."

दादाने माफी मागितली. त्याचा आवाज इतका खाली गेला होता की शेवटचे शब्द मलाही नीट ऐकू आले नाहीत. मावशीने सूप हलवले, फोलपटे एका कडेला आणली.

"झाली मांगून? आता जा. माह्या घरी ठेवाले जागा नाई तिले." मग सूप खाली ठेवून ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. "मायले सांग, नाल्याकडं येऊ नोको म्हना. काल तिथी रेतीत वाघाचे पाय होते. ताजे."

मी घरी येऊन आईला निरोप दिला. आई चुलीपुढे होती. तिने ऐकून घेतले.

"तिले बी जाऊ नोको म्हना."

"ते तू सांग."

"मी नाई बोलत तिच्यासंगं," आई म्हणाली. "गंज वापस आला माहा."

दुसऱ्या दिवशी पाळीवर दोघीही दिसल्या, आधी आई, मग मावशी. नाल्यातले ठसे मी जाऊन पाहिले होते. मावशी बरोबर सांगत होती. नर होता, मोठा, आणि नाला ओलांडून नेमका बांबूच्या दिशेने गेलेला.

मी आईला घरी ठेवण्याचा प्रयत्न केला. एक मोसम झाडाखाली झाडले नाही की दुसरे घर तिथे झाडायला लागते, हे तिचे पहिले कारण. ते मला मान्य होते, पण पुरेसे वाटत नव्हते. मी म्हटले, झाडे गेली तर गेली. तिने चुलीतली लाकडे पुढे सारली. मग हाताला लागलेली राख पदराला पुसत म्हणाली, "मी नाई गेली त ती एकटीच राह्यते तिथी."

मग मीच काही दिवस तिच्याबरोबर जाऊन उभी राहून बोलण्याचे काम पत्करले. ते मला जमत नाही, असे लवकरच उघड झाले. दहा मिनिटांत माझे विषय संपत. मग मी माझ्या प्रकल्पाबद्दल बोलू लागे: नमुना किती मोठा हवा, चूक कुठे शिरते, वगैरे. आई वाकल्या वाकल्या म्हणाली, "असं बोलशील त वाघाले झोप लागंल इथीच. मंग उठवाचं कोनं?" शेजारच्या झाडाखाली मावशी वेचत होती. तिच्या पाठीला किंचित हिसका बसल्यासारखा मला वाटला. ती हसली असेल, किंवा ठेच लागली असेल. तिने वर पाहिले नाही.

पण मला रोज जाता येत नव्हते. पाळीवरची नोंद चुकत होती आणि अर्जाची मुदत जवळ येत होती. तुझे काम तू कर, असे आईनेच सांगितले. त्या दोघी नाल्यापलीकडे काही पावलांच्या अंतरावर वाकून वेचत राहत. दोघी एकाच वेळी वाकलेल्या आणि दोघी गप्प. मला सर्वांत भीती वाटत होती ती या गप्प असण्याची. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही जागी दोन बायका एकमेकींशी बोलल्या नाहीत तर त्यांचे मन दुखते. तिथे जीव जाऊ शकत होता.

एप्रिलच्या मध्यावर एका सकाळी पाळीवरचे काम लवकर संपले आणि मी मागोमाग निघाले. नाल्याच्या अलीकडच्या काठावर पोहोचले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर उतरत होते. फुले अजून पडत होती. समोर दोघी होत्या. आईची पाठ माझ्याकडे, मावशी तिच्यापासून थोडी उजवीकडे. फुले टोपलीत पडण्याचा मऊ आवाज सोडला तर काही ऐकू येत नव्हते.

नाल्याच्या वरच्या अंगाला वानराने धोक्याचा आवाज दिला. खाकरल्यासारखा, तुटक. मग पुन्हा. त्यानंतर चितळ ओरडले, आणि ते जवळ होते.

दोघी एकदम ताठ झाल्या. दोघींनी बांबूकडे पाहिले. मी हाक मारायला तोंड उघडले. पण हाक मारली नाही. हे मी स्वतःविषयी अपेक्षिले नव्हते. वानर पुन्हा ओरडले आणि मग थांबले. ते थांबणे अधिक वाईट होते, कारण जनावर गेले की बसले, हे त्यावरून कळत नाही. पळत सुटणे हा सर्वांत वाईट पर्याय, हे त्या दोघींनाही माहीत होते. आईच्या टोपलीत तळाशीच फुले होती. तिने बराच वेळ बांबूकडे पाहिले आणि मग, जणू निर्णय दुसऱ्या कुणावर सोपवल्यासारखी, ती पुन्हा वाकली.

मावशी वाकली नाही.

ती टोपली खाली ठेवून उभी राहिली, पदर खोचला आणि बोलू लागली. मोठ्याने, पूर्वीसारखी. आईकडे तिची पाठ होती. तिने बोलणे बांबूला उद्देशून सुरू केले, आणि विषय होता तिची शेळी.

"भवानी, काल माह्या कुंपनातून घुसली अन् सारे वांगे खाऊन गेली. दोरी बांधली त दोरी खाते. तिले सांगतलं, तुले बाजारात नेतो, त माह्याकडं पाहून मुतली. असं जनावर पाह्यलं नाई मी. अन् कवेलू बी बसले नाई अजून. पानी आलं की वरून धार लागते बरोबर खाटेवर. आता खाटेवर कोनी झोपत नाई म्हना. पडू दे धार."

आई वेचत होती. तिचे हात नेहमीपेक्षा भरभर चालत होते. तिने मान वर केली नाही, हुंकार दिला नाही. मावशीही उत्तराची वाट पाहत नव्हती. शेळीवरून ती छपरावर गेली, छपरावरून दिरावर, दिरावरून गावच्या पोलीस पाटलाच्या नव्या गाडीवर. तिचा आवाज मधूनच चिरत होता, पण खंड पडत नव्हता.

"घोरत होता तवा झोप येत नव्हती," ती बांबूला म्हणाली. "आता बी येत नाई. मंग फरक काय पडला? काई नाई पडला."

आईचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले. टोपली अर्धी झाली. आई उठली, टोपली झाडाच्या बुंध्याला टेकवून ठेवली, पाठ सरळ केली. मावशी बोलता बोलता वाकली आणि तिच्या वाक्याच्या शेवटी आईने सुरुवात केली. तीही मावशीकडे पाहत नव्हती. समोरच्या पळसाला ती सांगत होती की पोराने गेल्याच आठवड्यात गाईडचे काम सोडले आहे, गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात ठेकेदाराकडे लागला आहे, रात्री फोनवर बोलताना खोकतो, धूळ लागते त्याला. जंगलात होता तेव्हा बरा होता. पण त्याला त्या रस्त्याने जाववत नाही आता, दारावरून. तो सांगत नाही, पण मला माहीत आहे.

दादाने काम सोडण्याचे कारण मला वेगळे सांगितले होते: तिकडे पगार ठरलेला मिळतो.

मावशी वाकूनच होती. मी नाल्याच्या काठावर उभी राहून ऐकत राहिले. बांबूत काही हलले नाही. वाघ तिथे होता की नव्हता, याचा पुरावा मला नंतरही मिळाला नाही.

ऊन चढल्यावर दोघींनी टोपल्या उचलल्या. भाकरीचे फडके कुणी पसरले नाही. आई पुढे निघाली, मावशी तिच्या मागे, बऱ्याच अंतराने. पाळीवर आल्यावर एक वरच्या वाटेला गेली आणि एक खालच्या.

याला समेट म्हणण्याचा मोह मला झाला होता. मी तो आवरला. गल्ली होती तशीच राहिली. पिठाच्या गिरणीतल्या वेळा तशाच राहिल्या. मोसम संपता संपता शेजारच्या गावात एक बाई मोह वेचताना मारली गेली. ती एकटी होती. आमच्या दोन्ही मोहल्ल्यांतले लोक तिच्या मातीला गेले, दोन वेगळ्या ट्रॅक्टरमधून. मावशीने आईला एकदाही नावाने हाक मारली नाही, आईने तिला बाई म्हटले नाही. पण झाडांखाली त्या रोज बोलत राहिल्या, एक बांबूशी आणि एक पळसाशी. एका दिवशी मावशीने बांबूला सांगितले की पावसाळ्यानंतर लेक तिला सिंदेवाहीला घेऊन जाणार आहे, कायमची. घर दिराकडे राहील. झाडे कोण झाडेल, ते माहीत नाही. त्या दिवशी घरी आल्यावर आईने काही न खाता दुपारभर घरामागच्या सांदवाडीत मोह वाळत घातला, पसरलेला पुन्हा पुन्हा पसरला.

"तू तिला भेटून ये एकदा," मी म्हटले.

"भेटतोच न रोज," आई म्हणाली.

एप्रिल संपताना मी नोंदी तपासायला नागपूरला फोन लावला. या दोघींचे काय करायचे, हे मला ठरवता येत नव्हते. मार्गदर्शक बाईंनी सगळे ऐकून घेतले.

"हाकेच्या अंतरात आहेत?" त्यांनी विचारले.

"आहेत."

"बोलतात?"

"बोलतात. एकमेकींशी नाही."

"मग व्याख्येप्रमाणे दोन स्वतंत्र नोंदी. एक आणि एक." मग त्यांनी बजावले, "सोयीसाठी व्याख्या वाकवायची नाही. हे तुला सांगायला नको."

ते मला सांगायला नकोच होते. मी त्यांचे म्हणणे मान्य केले आणि फोन ठेवला.

शेवटच्या दिवशी झाडांवर फुले जवळजवळ उरली नव्हती. पाळीवरून इतर कुणीही गेले नाही. आई गेली, आणि तिच्या मागून मावशी गेली, नेहमीच्या अंतराने. दोघींच्या टोपल्यांचा तळ झाकेल एवढेही मिळणार नाही, हे दोघींना ठाऊक असले पाहिजे. मी खाली उतरून नाल्यापर्यंत गेले आणि अलीकडेच थांबले. पलीकडून एक आवाज येत होता. तो थांबला, आणि लगेच दुसरा सुरू झाला. मी गुडघ्यावर तक्ता ठेवला, दोन ओळींच्या ऐवजी एकच ओळ आखली आणि शेवटच्या रकान्यात लिहिले: गटसंख्या २.